अनोळखी फाइल उघडण्यापूर्वी

न्हावा-शेवा बंदरात माल सोडवून घेण्याच्या व्यवसायात वावरताना, दस्तऐवजांशी सीलचा क्रमांक ताडून पाहिल्याखेरीज कंटेनरचे दार उघडू द्यायचे नाही, हा शिरस्ता आम्हां मंडळींच्या अंगवळणी पडलेला असतो; परंतु तेच गृहस्थ कचेरीत संगणकासमोर बसले, की कोठून आली हे ठाऊक नसलेली झिप फाइल बिनदिक्कत उघडतात, हे पाहून माझा जीव कासावीस होतो.

उरणच्या आमच्या कचेरीतील संगणकात एकदा अशीच, लांबलचक आकडे असलेल्या नावाची आणि कोणीच आपली म्हणेना अशी झिप आढळली. ब्राउझरच्या डाऊनलोड-यादीत तिचा मूळ पत्ता नोंदलेला होता, त्यावरून उलगडा झाला: एका सहकाऱ्याने गुगल ड्राइव्हवरून बिलांची छायाचित्रे उतरवून घेतली होती, आणि अनेक फाइली एकदम मागितल्या की ड्राइव्ह स्वतःच त्यांची झिप करून देते. म्हणून भयभीत न होता प्रथम त्या यादीची शहानिशा करावी.

पुढे ईमेलने आलेल्या झिपचे प्रकरण मात्र निराळे होते. पत्राच्या मजकुरातच पासवर्ड दिलेला होता, कारण कुलूपबंद फाइलीच्या अंतरंगात अँटिव्हायरसला सहसा डोकावता येत नाही. आणि आतील बिलाच्या नावात पीडीएफच्या पुढे ईएक्सई हा प्रत्यय होता, जो विंडोज एरवी दडवून ठेवते. ज्या पेढीचे नाव खाली होते तिला दूरध्वनी केला, तेव्हा तिने काहीच धाडले नसल्याचे कळले. फाइल उकलण्याचे साधनही अद्ययावत हवे. विनरार या अशाच साधनातील एक दोष तब्बल १९ वर्षे सुप्त राहून २०१९ मध्ये उजेडात आला.

ओळखीच्या वाटेनेही अरिष्ट येते, याची साक्ष तर याच किनाऱ्याने दिली आहे. युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्यतनातून शिरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने २७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या जगभरच्या यंत्रणा निकामी केल्या, तेव्हा न्हावा-शेवा येथील त्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. घानामधील एक सर्व्हर वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटला होता, म्हणून बचावला, आणि त्याच्याच आधारे कंपनीला आपली व्यवस्था पुन्हा उभारता आली. तेव्हा दप्तराची एक प्रत संगणकापासून अलग ठेवलेल्या डिस्कवर असावी, हे मी आग्रहाने सांगतो.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे पर्यटकांची आरक्षणे ईमेलवर घेणाऱ्या कुटुंबांना, मच्छीमार सोसायट्यांच्या चिटणीसांना माझी कळकळीची विनंती आहे, की संशयित फाइल उघडली गेलीच तर इंटरनेट तत्काळ तोडावे, आणि खात्यातून रक्कम गेली असल्यास विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत-क्रमांकावर वर्दी द्यावी.