सिगारचा डबा दीड हजारात

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला सवलतीच्या मर्यादेत 25 सिगार आणता येतात. आपल्याकडे ते बहुधा असेच, कुणा मेहुण्याच्या बॅगेतून पोचतात आणि खोक्यासकट शोकेसमध्ये पडून राहतात. मग जुलैत ठाण्याला सादळतात, मे महिन्यात नागपूरला पान वाळून तडकतं. ओढावेत की नाही ते डॉक्टरांना विचारा. इथे हिशेब फक्त सांभाळण्याचा.

सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. दुकानदार त्यासाठी लाकडी ह्युमिडॉर दाखवतो. बरा म्हणावा असा घ्यायचा तर चार-पाच हजारांच्या खाली बोलू नका. माझ्या मते 25 सिगारसाठी हा खर्च वायफळ आहे. कोरडं लाकूड आधी स्वतःच ओलावा पितं, म्हणून नवी पेटी दोनेक आठवडे मुरवावी लागते. आणि झाकण जरा सैल निघालं की पावसाळी हवा आत शिरलीच.

त्यापेक्षा रबरी कड आणि चार बाजूंना खटके असलेला तीन-चार लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, तीनशे ते सहाशेत मिळतो. आत कोरडा टिश्यू ठेवून डबा पाण्याच्या बादलीत दाबून धरा. टिश्यू कोरडा निघाला तर डबा कामाचा. घरातला मसाल्याचा डबा मात्र कितीही घासला तरी नको, तंबाखू वास लगेच धरते. सिगारच्या खोक्यातली सीडरची पातळ फळी असेल तर ती तळाशी घाला. चंदन, देवदार असले प्रयोग नकोत.

खरा पैसा पाकिटावर घालायचा. बोव्हेडासारख्या पाकिटात मिठाचं द्रावण असतं; हवा कोरडी झाली की ते बाष्प सोडतं, दमट झाली की ओढून घेतं. ओल्या स्पंजला हे दुसरं काम जमत नाही, वर बुरशी येते ती वेगळीच. 60 ग्रॅमचं एक पाकीट सुमारे 25 सिगारना पुरतं, किंमत साधारण पाचशे ते सातशे. आपल्या हवेला 65 चं घ्या, 72 चं नको. पाकीट हाताला कडक, कुरकुरीत लागलं की बदलायचं. डबा घट्ट असेल तर ते कित्येक महिने चालतं.

डिजिटल हायग्रोमीटर तीन-चारशेत येतो, पण त्याच्या आकड्यावर एकदम विसंबू नका. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. विरघळू देऊ नका. बूच आणि मीटर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी 75 दिसायला हवेत. 71 दिसले तर यापुढे प्रत्येक आकड्यात 4 मिळवायचे.

उरला उन्हाळा. खोली 25 अंशांच्या वर गेली की पानातल्या तंबाखूच्या किड्याची अंडी फुटायला लागतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. डबा एसीच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा, माळ्यावर नको. भोक दिसलं तर तो सिगार टाका. बाकीचे दुहेरी झिप पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या फ्रीजमध्ये, मग बाहेर. एरवी फ्रीज वर्ज्य, तिथली हवा कोरडी असते. हिरवट, केसाळ डाग दिसला तर ती बुरशी. पुसत बसू नका, फेकून द्या.

सगळं धरून पहिला खर्च अकराशे ते सतराशे, पुढे फक्त पाकिटाचा. आणि पाच-सहाच सिगार असतील, महिन्याभरात संपणार असतील, तर डबाही घेऊ नका. झिपची पिशवी आणि 8 ग्रॅमचं छोटं पाकीट पुरेसं आहे.