कोणते पाणी ‘इद्द’ आहे?



अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत एक प्रसंग आला आहे. यमनमधील मआरिब येथील मिठाची जागा अबयद बिन हम्माल (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागितली आणि ती त्यांना देण्यात आली. ते निघाल्यावर बैठकीतील एकाने निदर्शनास आणले की, ही जागा म्हणजे ‘अल-माउल इद्द’ आहे. प्रेषितांनी (स.) ती परत घेतली. ‘इद्द’ म्हणजे ज्याचा प्रवाह तुटत नाही असे पाणी. जे विनासायास हाती येते आणि ज्याची सर्वांना गरज असते, ते एकाच्या मालकीचे करता येत नाही, असा नियम फिक्हतज्ज्ञांनी यावरून काढला.

आपली मुले शाळेत नवीकरणीय व अनवीकरणीय संपत्तीचा पाठ शिकतात. त्या पाठाला हा शब्द जवळचा आहे. ऊन आणि वारा उघडच ‘इद्द’ आहेत. चंद्रपूरचा कोळसा तसा नाही. सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींपासून तो बनला, एकदा जळाला की संपला. इथवर सोपे आहे. अडचण पाण्यापाशी येते.

सूरह अल-मुअमिनूनच्या 18 व्या आयतीत पाणी प्रमाणात उतरवल्याचा, ते जमिनीत थांबवल्याचा आणि ते नेण्याच्या सामर्थ्याचाही उल्लेख आहे. ‘प्रमाणात’ या शब्दाकडे आपले दुर्लक्ष होते. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक वाळूसारखे पाणी पीत नाही. वरच्या झिजलेल्या थरात, मुरुमात आणि भेगांत जेवढे मावेल तेवढेच पाणी साठते. उथळ विहीर एका चांगल्या पावसाळ्यात भरते. चारशे-पाचशे फुटांवरच्या भेगेत मात्र पाणी फार सावकाश झिरपते. ते दरवर्षी उपसणारा माणूस पाण्याच्या नावाने कोळसाच काढत असतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलो नसू.

आता आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मशिदीची बोअर आटली. आणखी दोनशे फूट खाली जावे असे कमिटीत ठरले. मीही होकार दिला. पाणी लागले, शुक्राने अदा झाले. महिन्याभरात मागच्या गल्लीतील एका वृद्ध आजींचा आड कोरडा पडला. दोहोंचा संबंध मी शपथेवर सांगू शकत नाही, पण त्या आजी, “इमामसाहेब, तुमचं पाणी वाढलं ना?” एवढेच म्हणाल्या, तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

मदरशात ‘हरीम’चा धडा मी पाठ केला होता. विहिरीभोवतीचा राखीव परीघ म्हणजे हरीम. जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी हनफी फिक्हमध्ये तो चाळीस हातांचा आहे. त्या परिघात दुसऱ्याने खोदू नये, कारण पहिल्याचे पाणी ओढले जाते. राज्याच्या 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली, तीही याच कारणाने. चाळीस हात हे माप हाताने खोदलेल्या विहिरीचे होते. यंत्राने पाताळ गाठणाऱ्याने केवळ चाळीस हात मोजून निश्चिंत व्हावे, हे मला पटत नाही.

आम्ही आधी आजींच्या दारापर्यंत मशिदीचा नळ नेला. मग वुजूखान्याकडे पाहिले. प्रेषित (स.) एका ‘मुद्द’ पाण्यात वुजू करीत, हनफी हिशेबाने हे जेमतेम लिटरभर, शाफई हिशेबाने पाऊण लिटरच्या आसपास. मी नळाखाली बादली ठेवून माझा वुजू मोजला: सात लिटर! तोट्या बदलल्या, सात अजून तीनवर आले आहेत.

मोठे काम छताचे झाले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे छत 150 चौरस मीटरचे. 600 मिलिमीटर पाऊस झाला तर 90 हजार लिटर. यातील काही उडून, सांडून जाते. उरलेले गटारात जात असे, ते आता गाळणीतून आजींच्या त्याच आडात सोडले आहे. गाळणीची वाळू-खडी दरवर्षी मृगापूर्वी धुवावी लागते. मकतबमधील मुले ते काम करतात आणि आजी त्यांना गूळ-शेंगदाणे देतात.