वसईतील कुलशोध : आडनाव, नोंदवही आणि डीएनए

वसई-विरार परिसरात कुटुंबाचा इतिहास शोधू लागणाऱ्याची पहिली फसगत बहुधा आडनावापाशी होते. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली; या दोन शतकांत ख्रिस्ती झालेल्या स्थानिक कुटुंबांना परेरा, लोपीस, डिमेलो यांसारखी आडनावे मिळाली, आणि ती पुष्कळदा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूच्या किंवा धर्मपित्याच्या नावावरून पडली. त्यामुळे एकाच आडनावाची दोन घरे भाऊबंद असतातच असे नाही, आणि केवळ आडनावाच्या आधारे पोर्तुगीज रक्ताचा दावा करणे तर मुळीच टिकत नाही.

म्हणून शोधाचा आरंभ आडनावाऐवजी घरापासून करणे हिताचे ठरते. वडीलधाऱ्यांशी बोलताना "आपण मूळचे कुठले?" असा थेट प्रश्न विचारल्यास प्रतिष्ठेची, ऐकीव कथाच हाती येण्याचा संभव अधिक असतो, याउलट घराला आळीत कोणत्या नावाने ओळखत, वाडी कोणाकडून आली, सुतक कोणकोणत्या घरांत पाळले जाई, आजीचे माहेर आगाशीचे की निर्मळचे, असे विचारल्यास पडताळून पाहता येईल अशी माहिती मिळते. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादित केलेली 'महिकावतीची बखर' उत्तर कोकणातील वसाहतीची हकिकत सांगते. परंतु तीत आलेल्या कुळाच्या नावाशी आजचे घर थेट जोडून मधल्या पिढ्या कल्पनेने भरणे, हा या प्रदेशातील वंशावळींचा नेहमीचा दोष आहे.

कथनाची पडताळणी नोंदींवर होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मग्रामांत, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्तीत, विवाहाची वही ठेवणे बंधनकारक केले. तथापि प्रत्येक धर्मग्रामातील उपलब्ध वह्या एकाच वर्षापासून सुरू होत नसल्याने, पहिली वही कोणत्या सालची आहे हे आधी पाहावे. स्नानसंस्काराच्या नोंदीत आईवडिलांइतकेच लक्ष धर्ममायबापांच्या नावांकडे द्यावे, कारण त्यांवरून नातलगांचे जाळे उलगडते. हिंदू कुटुंबांसाठी त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गावच्या जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४ (बोलीभाषेत कोतवाल बुक) आणि जमीन एका हातातून दुसऱ्या हाती कशी गेली हे सांगणारे जुने फेरफार उपयोगी पडतात. यांतील जुना भाग मोडी लिपीत असल्याने, जाणकाराकडून वाचून घेतल्याखेरीज त्यावर निष्कर्ष उभारू नये.

डीएनए चाचणी सर्वांत शेवटी, आणि तीही ठरावीक प्रश्न हाती असतानाच करावी. पित्याकडून पुत्राकडे जाणारे वाय गुणसूत्र एकाच आडनावाच्या दोन घरांतील पुरुषांमध्ये जुळले नाही, तर त्यांचा पितृवंश एक नसल्याचे किंवा दत्तकविधानासारख्या कारणाने तो मध्येच बदलल्याचे दिसते. मात्र यांपैकी काय घडले हे नोंदीच सांगू शकतात. दोन्ही पालकांकडून येणाऱ्या उरलेल्या डीएनएत एका पूर्वजाचा वाटा पिढीगणिक इतका घटतो की, ज्यांचे खापरपणजोबा-खापरपणजी एक आहेत अशा दर दहा जोड्यांपैकी सुमारे एकीत जुळणारा भाग सापडतच नाही. उलट, पिढ्यान्‌पिढ्या समाजांतर्गतच सोयरिकी झालेल्या वसईसारख्या प्रदेशात दोन व्यक्तींत अनेक वाटांनी आलेले तुकडे साठतात आणि चाचणी त्यांना प्रत्यक्षाहून जवळचे नातलग ठरवते. अहवालातील प्रादेशिक टक्केवारी तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्यांवर अवलंबून असल्यामुळे, "काही टक्के युरोपीय" एवढ्या शब्दांवरून पूर्वज ठरवता येत नाही.

नमुना एका व्यक्तीचा असला तरी माहिती साऱ्या घराची उघड होते; अज्ञात पितृत्व किंवा दत्तक नाते बाहेर येऊ शकते, हे चाचणीपूर्वी घरातील सर्वांना सांगून त्यांची संमती घ्यावी. वंशवृक्ष लिहिताना नोंदीने सिद्ध झालेले नाते अखंड रेषेने, केवळ ऐकीव नाते तुटक रेषेने दाखवावे आणि प्रत्येक दुव्यापाशी त्याचा आधार लिहावा, म्हणजे पुढील पिढीला तीच चौकशी पुन्हा मुळापासून न करता, जिथे पुरावा तोकडा पडला तिथून पुढे काम नेता येईल.