जुना लॅपटॉप आणि लिनक्सचा पर्याय

यवतमाळ जिल्ह्याच्या १६ तालुक्यांतील शाळा, ग्रामपंचायती व कार्यालये यांच्या दैनंदिन कामकाजात संगणकाने आता कायमचे स्थान मिळविले आहे. अशा वेळी सार्वजनिक पैशातून घेतलेले यंत्र किती वर्षे उपयोगी पडते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असतो. परिणामी सुस्थितीतील अनेक लॅपटॉप नव्या प्रणालीस अपात्र ठरतात. ते बंद पडत नाहीत. परंतु सुरक्षा दुरुस्त्यांअभावी त्यांवरील नोंदींना धोका वाढत जातो.

लिनक्स म्हणजे काय?

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. तिची संहिता सर्वांस खुली असून बहुतेक आवृत्त्या विनामूल्य मिळतात. सी-डॅक या शासकीय संस्थेने तिच्या आधारे भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ प्रणाली विकसित केली. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या वापराचे धोरणही जाहीर केले.

आधी पारख, मग बदल

विंडोजसाठी घडविलेल्या लॅपटॉपचा प्रत्येक भाग लिनक्सवर चालेलच असे नाही. म्हणून प्रणाली प्रथम पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. अशा चाचणीत डिस्कवर काहीही बसवावे लागत नाही. वायफाय, ध्वनी, कॅमेरा, प्रिंटर, तसेच झाकण मिटून उघडल्यावर यंत्र पूर्ववत जागे होते की नाही, हे तपासावे. ‘सिक्युअर बूट’ या व्यवस्थेमुळे काही आवृत्त्या सुरू होत नाहीत. प्रमुख आवृत्त्यांत मात्र तिला मान्य असलेली स्वाक्षरी असते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची पुनर्प्राप्ती कळ आधी जपून ठेवावी.

मराठीसाठी युनिकोड व इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध आहेत. तथापि, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले जुने दस्तऐवज आधी रूपांतरित करून घ्यावे लागतात. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि केवळ विंडोजवर चालणारे कार्यालयीन सॉफ्टवेअर ही खरी कसोटी होय. ही कामे ज्या यंत्रावर होतात, तेथे घाईने बदल करू नये. पत्रलेखन, तक्ते, अध्यापन आणि इंटरनेट यांपुरते वापरले जाणारे लॅपटॉप प्रथम निवडावेत.

कार्यपद्धती

सक्षम अधिकाऱ्याची संमती घ्यावी. सर्व माहितीच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून त्या उघडतात याची खात्री करावी. कारण प्रणाली बसविताना डिस्क पुसली जाऊ शकते. आरंभी एकच लॅपटॉप बदलून महिनाभर वापरावा आणि कर्मचाऱ्यांच्या अडचणी लिहून ठेवाव्यात. झालेल्या बदलाची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी. जी यंत्रे खरोखरच निरुपयोगी ठरतील, ती ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच सोपवावीत.

नवीन खरेदीचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी एवढी पारख झाली, तर एखाद्या गावच्या शाळेतील मुलांच्या हातून चालू स्थितीतील संगणक विनाकारण जाणार नाही.