आधी आर्म मोकळा, मग स्प्रिंग

अगं, स्प्रिंग बदलायची एवढी घाई कशाला? जरा थांब. तुझी रिमोटची गाडी खड्ड्यावर उड्या मारते, एका वळणाला आत ओढते, दुसऱ्याला बाहेर फेकते, आणि तू ठरवून टाकलंस की शॉकमधलं तेल पातळ पडलंय. पडलंही असेल. पण तेलाची बाटली उघडायच्या आधी माझं एवढं ऐक. गाडी टेबलावर घे, चाकं काढ, चारही शॉक खालच्या टोकाला सोडव. आता पुढचा डावा आर्म, म्हणजे चाक धरणारी आडवी भुजा, बोटानं आडवा होईपर्यंत उचल आणि सोडून दे. तो नुसत्या स्वतःच्या वजनानं टपकन खाली पडला पाहिजे. मध्येच अडला, रेंगाळत उतरला किंवा तुला ढकलावा लागला, तर दुखणं तिथंच आहे असं समज. स्प्रिंगचा यात काहीच दोष नाही.

तुला वाटेल, ताई एवढ्याशा घट्टपणाचं काय घेऊन बसली. हिशेब कर बघू. आपली एकास दहा मापाची बग्गी साधारण दीड किलोची. म्हणजे एका चाकावर पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास वजन येतं. आर्म जिच्यावर फिरतो ती पिन आणि लिंकच्या टोकाचे बॉल कप यांच्या घासण्यातच पन्नास ग्रॅमभर जोर खर्च झाला, तर त्या चाकावरच्या वजनाचा सातवा-आठवा हिस्सा गेला की! मोठ्या मोटारीत एवढं घर्षण कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथं एकेका चाकावर शेकडो किलो असतात. आपली गाडी हलकी, म्हणून तिला छोटासा अडथळासुद्धा जड जातो. वर गेलेलं चाक वेळेत खाली येत नाही, तेवढा वेळ टायर हवेत राहतो, आणि हवेतल्या टायरला पकड कुठून येणार? त्यातून डावा आर्म घट्ट आणि उजवा मोकळा असला, तर गाडी दोन्ही वळणांना दोन तऱ्हांनी वागते. मग तू सेटिंग बदलत बसतेस आणि कुठल्या बदलानं काय झालं तेच कळेनासं होतं.

आपल्याकडच्या पोरापोरींना आधी आर्म तपासायची सवय का नसते, ते सांगते. कोल्हापुरात रेसिंगचं नाव काढलं की मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आठवतो. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झाल्यात. आपल्या कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिकांनी तर ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये गाडी चालवली. त्या ट्रॅकचं वेड घेऊन मुलं रिमोटच्या गाडीकडे येतात हे चांगलंच आहे. पण कार्टला सस्पेन्शनच नसतं! तिथं चॅसिसची नळी थोडी पिळवटते आणि तीच सस्पेन्शनचं काम करते. त्यामुळे कार्टवरून आलेल्या मुलाला टायरचं, हवेच्या दाबाचं, चालवण्याच्या रेषेचं भान असतं. आर्म मोकळा आहे का, हे बघायचं मात्र त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

आता मुख्य कामाचं. आर्म अडकतोय हे कळलं, तरी लगेच पान्हा उचलून सगळं खोलू नकोस. एकेक जोड सोडव आणि दर वेळी आर्म टाकून बघ. आधी अँटी-रोल बारची लिंक काढ. तरी अडला तर ड्राइव्ह शाफ्ट बाहेर घे. मग वरची कॅम्बर लिंक, मग स्टिअरिंगची. ज्या क्षणी आर्म टपकन पडला, त्याच्या आधी शेवटचं जे काढलंस तो चोर. सगळं काढूनही रेंगाळला, तर आतल्या पिनेतच गडबड आहे. ही रीत कंटाळवाणी वाटते, पण अंदाजानं कानस चालवून बरा असलेला भाग बिघडवण्यापेक्षा कितीतरी बरी.

पिनेकडे बघ. बाहेर काढ आणि आरशावर किंवा काचेच्या तुकड्यावर लोळव. वाकलेली पिन लोळताना डुगडुगते आणि तिच्याखालून उजेडाची फट दिसते. डोळ्याला सरळ दिसणारी पिनसुद्धा काचेवर पकडली जाते. वाकलेली पिन ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नकोस, सरळ नवी घाल. बाजारात मिळाली नाही तर उद्यमनगर आहेच की आपलं! म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवारांच्या पिढीनं जिथं शेतीपंपाची इंजिनं घडवली, त्या गावात तीन मिलिमीटरची सिल्व्हर स्टीलची पिन कापून, टोकं घासून, खाच पाडून द्यायला लेथवाला नाही म्हणत नाही. फक्त जुनी पिन नमुन्याला ने आणि माप मायक्रोमीटरनं घ्यायला सांग. काही अमेरिकी गाड्यांच्या पिना इंची मापाच्या असतात. डोळ्याला तीन मिलिमीटर वाटतात आणि तिथंच फसगत होते.

पिन सरळ असून आर्म घट्ट असेल, तर भोक बघ. साच्यातून निघालेल्या आर्मच्या भोकात प्लॅस्टिकची बारीक कड राहिलेली असते. ती काढायला पिनेच्या मापाचा हॅन्ड रिमर घे आणि हातानं फिरव. ड्रिल मशीनला लावू नकोस; प्लॅस्टिक तापतं, वितळतं आणि भोक वाकडंतिकडं मोठं होतं. रिमर एकाच दिशेनं फिरवायचा, बाहेर काढतानासुद्धा उलटा नाही. आर्मच्या दोन्ही कानांतून तो एका रेषेत गेला पाहिजे. थोडं फिरव, भुसा झटक, पिन घालून बघ, परत थोडं फिरव. पिन हातानं सरकली आणि आर्म तिच्यावर आपोआप खाली आला, की थांब. त्याच्या पुढचा प्रत्येक फेरा नुकसानीचा.

आणि हे फार जण विसरतात: पिन धरणारे ब्लॉक. त्यांचे स्क्रू तू जीव खाऊन आवळतेस ना? ब्लॉक थोडा तिरका बसतो, पिनेला पीळ पडतो आणि आतापर्यंत मोकळा असलेला आर्म जाम होतो. एकेक स्क्रू थोडाथोडा आवळ आणि दर वेळी आर्म हलवून बघ. ज्या स्क्रूला अडला तो ब्लॉक सोडून पुन्हा नीट बसव. ई-क्लिप किंवा वॉशर आर्मला दाबत नाही ना, तेही बघून घे. आर्म पुढेमागे नखाएवढासुद्धा सरकत नसेल, तर एक पातळ वॉशर कमी कर.

बॉल कपची गोष्ट वेगळी. लिंकचं एक टोक बॉलवर बसव आणि दुसरं सोडून दे. लिंक लोंबकळत खाली आली पाहिजे. नाही आली तर कप बॉलवर असतानाच त्याची कड पकडीनं अगदी हलके दाब, थोडा फिरव, परत दाब. प्लॅस्टिक बॉलच्या गोलाईला बसतं आणि कप मोकळा फिरतो. जोर लावलास तर कप फाटतो, किंवा पहिल्याच धडकेत लिंक निघून येते. अजून एक. टर्नबकल फिरवून लांबी बदललीस की दोन्ही कपांची तोंडं एकमेकांशी जुळतात का ते बघ. एक कप तिरका राहिला, तर मधल्या हालचालीत सगळं ठीक वाटतं आणि आर्म पूर्ण वर गेला की कपाची कड बॉलच्या मानेवर आपटते. टेबलावर कळत नाही, ट्रॅकवर गाडी उडी मारून उतरली की कळतं. म्हणून आर्म नेहमी अगदी वरपासून अगदी खालपर्यंत फिरवून बघत जा.

शॉक परत लावायच्या आधी त्याचा दांडा स्प्रिंगशिवाय हळूहळू दाब. ठरावीक जागीच अडत असेल तर दांडा वाकलाय. सगळीकडेच जड असेल तर आतली ओ-रिंग फुगलीय. शॉकमध्ये सिलिकॉन तेलच घाल. घरातलं मशीनचं तेल सिलिकॉनच्या ओ-रिंगला फुगवतं.

पावसाळ्याचं तर मुद्दाम सांगायला हवं. हे आर्म बहुतेक नायलॉनचे असतात आणि नायलॉन हवेतला ओलावा पितं. कोरड्या हवेत ते एका मापाचं असतं आणि आपल्याकडे आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा दुसऱ्या मापाचं. फरक केसाएवढा, पण मोकळा आर्म अडायला तेवढा पुरतो. ओलावा प्यायलेलं नायलॉन चिवट होतं, लवकर तुटत नाही, म्हणून काही जण नवे आर्म पाण्यात उकळून घेतात. तसं केलंस तर रिमर उकळल्यानंतर चालव, आधी नाही. आणि एप्रिलमध्ये नीट केलेली गाडी जुलैत न तपासता स्पर्धेला नेऊ नकोस.

तेल, ग्रीस यातलं काही पिनेला लावू नकोस. तपोवन मैदानावरची धूळ त्यात बसते आणि तासाभरात त्याचं एमरी पेपर होतं. पिन कोरड्या फडक्यानं पुसून घाल. फारच वाटलं तर सुकून जाणारं टेफ्लॉनचं वंगण, तेही नावापुरतं. धुळीत चालवलेल्या गाडीची पिन दर रविवारी बाहेर काढून पुसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि त्याचा आळस मला अजिबात मान्य नाही.

मोकळं करण्याच्या नादात सैल करून बसू नकोस, हेही तितक्याच कळकळीनं सांगते. चाक धरून आतबाहेर हलव. जरासा प्ले चालतो, धुळीच्या ट्रॅकवर तर तो हवाच. पण चाक डोळ्यांदेखत वाकडं होत असेल तर कॅम्बर आणि टो हे चाकाचे कोन तू कितीही मोजून लाव, पहिल्या वळणात ते बदलतात. झिजून सैल झालेल्या कपाला किंवा आर्मला औषध नाही, तो बदलायचाच. कॉलेजच्या स्पर्धेसाठी पैसे जमवतेस ना? मग महागड्या स्प्रिंगच्या संचाआधी एक चांगला रिमर, दोन जास्तीच्या पिना आणि कपांचं एक पाकीट घे. वर्गणी काढून गाडी केलेल्या तुमच्या गटाला मिळून एकच रिमर पुरतो.

सगळं जोडून झालं की गाडी वीतभर उंचीवरून टेबलावर सोड. चारही कोपरे एकाच वेळी बसले आणि गाडी दर वेळी त्याच उंचीला थांबली, तर काम झालं. एखादा कोपरा वर राहिला तर त्या आर्मपासून पुन्हा सुरू कर. स्प्रिंगचं काय करायचं ते त्यानंतर विचार, मी सांगेन.