वाटेचा तंटा आणि हाताचा गुन्हा

आषाढी जवळ आली म्हणजे दिंडीच्या बैठका सुरू होतात. तंबू किती लागतील, पाण्याचा टँकर कोणाचा, सामानाचा ट्रक कोण चालवणार, सगळ्याची यादी होते. त्या यादीत चालकाच्या रागाचा विचार मात्र कोणी करीत नाही. म्हणून या महिन्याच्या पाठाला आम्ही तोच विषय घेतला आहे. वाचक म्हणतील, बुवा कोर्टकचेरीत कधी शिरले? अहो, कोणाला शिरावे लागू नये म्हणूनच हे लिहिणे.

मागे एका वारीत आम्ही डोळ्यांनी पाहिले. घाटाच्या चढणीवर दिंडीचा ट्रक आणि एक जीप यांचे आरसे एकमेकांस घासले. नुकसान काय, तर एक काच फुटली. पण दोन्ही चालक तरातरा खाली उतरले आणि एकाच्या हातात टॉमी होती. तेवढ्यात एक म्हातारी माळकरीण मध्ये जाऊन उभी राहिली व म्हणाली, "माऊली, काच पंढरपुरात बी मिळंल. ती टॉमी ठेव आधी खाली." त्याने ती ठेवली आणि प्रसंग टळला. टळला नसता तर काय झाले असते, ते आता पाहू.

दृष्टान्त

दिनांक २७ डिसेंबर १९८८. स्थळ पंजाबातील पतियाळा शहर. रस्त्याच्या मध्ये एक जिप्सी गाडी उभी होती. मागून मोटारीने आलेल्या मंडळींनी वाट मागितली. त्यावरून शब्दाला शब्द लागला, शब्दांवरून हातघाईवर प्रकरण गेले. मार लागलेले ६५ वर्षांचे गृहस्थ त्यात दगावले. जिप्सीतील तरुण होते प्रसिद्ध क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू. त्यांचे वय तेव्हा २५.

पुढचा प्रवास पाहा. १९९९ साली खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. २००६ साली उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची कैद सांगितली, तेव्हा खासदारकीचा राजीनामा द्यावा लागला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मनुष्यवधाचा आरोप काढला, पण दुखापत केल्याचा दोष कायम ठेवला आणि १००० रुपये दंड केला. संपले असे वाटले. परंतु मृताच्या घरच्यांनी पुनर्विचाराचा अर्ज केला आणि १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. धडधाकट, कसलेल्या माणसाचा हात हेच हत्यार ठरू शकते, असा त्या निकालाचा आशय आहे. पंचविशीत उगारलेल्या हाताचा हिशेब अठ्ठावन्नाव्या वर्षी तुरुंगात चुकवावा लागला. १ एप्रिल २०२३ रोजी ते सुटले. आणि त्या वृद्धाच्या घरच्यांनी तेहतीस वर्षे काय सोसले असेल, त्याचा हिशेब कोण मांडणार?

विवेचन

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. रस्त्यावरचा राग जसा एकेक पायरी उतरतो, तशी कलमे चढत जातात.

भांडण पेटावे म्हणून मुद्दाम अपमान केला, तर कलम ३५२, कैद दोन वर्षांपर्यंत. गाडी आडवी घालून वाट अडवली, तर कलम १२६, साधी कैद एक महिन्यापर्यंत किंवा दंड. थप्पड मारली, साधी दुखापत झाली, तर कलम ११५, एक वर्षापर्यंत. हाड मोडले किंवा दात पडला, की ती 'जबर दुखापत' झाली. तेथे कलम ११७, सात वर्षांपर्यंत. टॉमीसारख्या घातक वस्तूने मारले, तर कलम ११८ येऊन पडते. माणूस दगावला, तर प्रकरण सदोष मनुष्यवधावर, कलम १०५ वर जाऊ शकते आणि तेथे जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मारण्याच्याच इराद्याने अंगावर गाडी घातली, तर माणूस वाचला तरी तो खुनाचा प्रयत्न होय.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची उतरंड सांगितली आहे, ती आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. कायद्याची ही चढण त्याच उतरंडीची दुसरी बाजू समजावी.

शंका-समाधान

शंका : चूक समोरच्याची होती. मग आम्ही का भोगावे?

समाधान : येथेच सर्व घोटाळा आहे. वाट कोणाची, हा एक प्रश्न. हात कोणी उचलला, हा दुसरा. पहिल्यात तुम्ही सोळा आणे खरे असाल, तरी त्याने दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही.

शंका : त्याने आधी शिवी दिली.

समाधान : चिथावणी गंभीर आणि अकस्मात असेल, तर काही गुन्ह्यांत शिक्षा कमी होते. गुन्हा पुसला जात नाही.

शंका : आम्ही मारले नाही, नुसते सोबत उतरलो होतो.

समाधान : नुसते हजर असणे हा गुन्हा नव्हे. परंतु सर्वांचा इरादा एक होता असे दिसले, तर एकाचे कृत्य सर्वांचे मानले जाते. म्हणून दहा जणांनी उतरायचे असेल, तर सोडवायलाच उतरावे.

शंका : मागाहून मिटवता येईल की!

समाधान : साध्या दुखापतीत जखमी माणूस तडजोड करू शकतो. मेलेला माणूस तडजोडीला कोठून येणार?

आचरण

तेव्हा गाडी घासली तर बाजूला घ्यावी. कोणी जखमी असेल तर आधी त्याला पाहावे. समोरचा तापलेला असेल तर खाली उतरू नये, काच वर ठेवावी, त्याच्या गाडीचा नंबर टिपून ११२ वर फोन करावा. नुकसानीचे विमा पाहील, चुकीचे पोलीस पाहतील.

दिंडीप्रमुखांना एक विनंती. रात्रभर सामान वाहिलेल्या चालकाला पहाटे पुन्हा चाकावर बसवू नका. त्याला पंक्तीत आधी वाढा, चार तास निजू द्या. उपाशी, जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांच्या माणसाला शांतीचा उपदेश करून काय उपयोग? आणि तरीही टॉमी हातात आलीच, तर मध्ये उभे राहायला त्या म्हातारीसारखे कोणीतरी असू द्या. तुम्हीच असा.

रामकृष्णहरि.