बदलीनंतर उरते ती शाळा

मुंबई महापालिकेच्या शाळांत शिकवलं आणि शेवटची वर्षं कुर्ल्यात मुख्याध्यापिका म्हणून काढली. आमच्या नोकरीत बदली ठरलेली. आपण गेल्यावरही चालू राहील असं काय उभं करायचं, हाच प्रश्न मी स्वतःला विचारत आले. त्यातून हाती लागलेलं हे थोडं.

१. शेजारच्या शाळेपासून सुरुवात करा.
पालिका आठ भाषांत शिकवते. त्यामुळे एकाच इमारतीत मराठी, उर्दू, हिंदी अशा वेगवेगळ्या शाळा, त्याही दोन अधिवेशनांत. मुख्याध्यापक वेगळे, पण जिना, मैदान, नळ आणि स्वच्छतागृहं सगळ्यांची. सकाळवाले दुपारवाल्यांना बोल लावणार, दुपारवाले सकाळवाल्यांना. आम्ही सगळे मुख्याध्यापक शनिवारी चहाला बसू लागलो. विषय एकच ठेवला, स्वच्छतागृहं. ज्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही त्यांना बरोबर घेता आलं, की बाकीचं सोपं जातं.

२. पालकांची वेळ पाळा.
शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया, असं तो सांगतो. पण सकाळी अकराच्या सभेला धुणंभांड्याला गेलेली आई कशी येणार? सीएसटी रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात राबणारा बाप कसा येणार? मग उरतात नुसत्या सह्या. सभा संध्याकाळी घेतली. मुलांच्या जेवणाची खिचडी चाखायची पाळी आयांकडे दिली. जबाबदारी मिळाल्यावर माणसं बोलायला लागली, तक्रारीही केल्या. त्या ऐकून घ्यायची तयारी हवी.

३. पहिलीला सगळ्यात कसलेला शिक्षक द्या.
अनुभवी शिक्षक वरच्या वर्गांना आणि नवखा पहिलीला, ही जुनी रीत. तिसरीपर्यंत वाचता आलं नाही, तर पुढचे सगळे विषय अडतात. २०२१ साली सुरू झालेलं 'निपुण भारत' अभियानही नेमकं याच वयावर भर देतं. वर्गवाटप बदलताना नाराजी येते. ज्येष्ठांशी एकेकट्याला गाठून, वाटपाआधी बोला.

४. वर्गात मागच्या बाकावर बसा, वही न घेता.
हातात वही दिसली की शिक्षक साहेबांसाठी शिकवतो, मुलांसाठी नाही. तास संपल्यावर एकच गोष्ट बोला, आणि तीही त्याच वर्गात. शिक्षकखोलीत चारचौघांसमोर नको.

५. पावसाआधी निर्णय वाटून द्या.
२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीचं पाणी कुर्ल्यात शिरलं. त्या दिवसानंतर इथल्या कुठल्याही शाळेला पाऊस हलक्यात घेता येत नाही. जूनमध्येच ठरवायचं: मुलं कोण सोडणार, फोन कोण करणार, वरच्या मजल्याची किल्ली कोणाकडे. मुख्याध्यापक लोकलमध्ये अडकले तरी शिपायाला मुलं वर न्यायचा अधिकार असला पाहिजे. अधिकार वाटले की माणसं डोकं चालवतात.

६. आठवडाभर रजा घ्या.
फोन करू नका. परतल्यावर काय काय अडलं होतं ते विचारा. जे अडलं, ते अजून तुमच्या एकट्याच्या हातात आहे. बदलीचा हुकूम यायच्या आत ते दुसऱ्या कोणाला तरी शिकवून मोकळे व्हा.